मिस्त्रींनी मूस रिकामी केली

"प्यालो नाही वहिनी, फुगलोय. दोन्हीत फरक असतो."

"असेल. पण बघणाऱ्याला तो कळायचा कसा?" वहिनींनी चहाचा कप मिस्त्रींपुढे सरकवला. "आरशात बघता का कधी भावजी? सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरावी तसे गाल झालेत. आणि वर ही लाली."

"वय झालं की माणूस गोड दिसायला लागतो."

"वय झालं की माणूस वाळतो. हे बघा आमचं वाळवण."

त्यांनी बोट दाखवलं तिकडे दाराशी त्यांचा नवरा बूट चढवत बसला होता. उंच, लांब मानेचा, पाय म्हणजे दोन बांबू. ओतकामाच्या कारखान्यात सगळे त्याला बगळ्या म्हणायचे आणि तोही त्याच नावाला ओ द्यायचा. एरवी बायकोच्या असल्या बोलण्यावर तो खदाखदा हसला असता. आज नाडी आवळत एवढंच म्हणाला, "घरात बसून एकट्याने चांगलीचुंगली ढोसणाऱ्याचं तोंड असंच होतं."

मिस्त्रींनी चहा संपवला, कप विसळून पालथा घातला आणि दोघं कामावर निघाले. रोज हीच वाट, हीच जोडी. रोज तोंडाचा पट्टा सुरू असायचा, आज बगळ्या चार पावलं पुढेच चालत होता.

मिस्त्री म्हणजे त्या कारखान्याचा डोळा. तिथे लोखंड वितळवून गटारांची झाकणं, पंपांची धडं, शेगड्यांच्या जाळ्या ओतायचे. गावात कुठल्याही रस्त्याने खाली मान घालून चाला, थोड्या थोड्या अंतरावर मिस्त्रींचं काम पायाखाली येतं. "ज्याच्यावर लोक चालतात, थुंकतात, गाड्या घालतात आणि तरी जे कुरकुरत नाही, ते माझं समजा," असं ते सांगायचे. लग्नात बायकोलाही त्यांनी हेच सांगितलं होतं. ती म्हणाली होती, "मग मला नका तुमच्यातलं समजू, मी कुरकुरणार."

थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने त्यांना तिथे चिकटवलं तेव्हा ओठावर मिशी फुटायची होती. पहिलं काम भंगार फोडायचं. घण उचलायचा, घालायचा, की तुकडा भट्टीकडे. तिथून वाळू, वाळूतून साचे, साच्यांतून भट्टी. आधीच्या मिस्त्रींच्या मागे उभं राहून रंग ओळखायला शिकले. लोखंड लाल असतं तोवर ते रागावलेलं असतं, पिवळं झालं की शहाणं होतं, पांढरं पडायला लागलं की वेडं. त्या शहाणपणाच्या घडीला ओतायचं. पुढे जुने मालक गेले, त्यांची मुलगी मालकीण झाली आणि तिने ताप मोजायचं यंत्र आणलं. मिस्त्रींनी यंत्राला नावं ठेवली नाहीत. ते आधी आपला अंदाज सांगायचे, मग यंत्र बघायचे, आणि अंदाज चुकला तर मोठ्याने सांगायचे, "मी चुकलो, यंत्र बरोबर." एवढं मोठ्याने बोलायची काही गरज नसे. पण चूक कुजबुजून कबूल करण्यात त्यांना अर्थ वाटत नसे.

मात्र त्यांचा खरा जीव होता लाडलवर. लाडल म्हणजे आतून मातीचं अस्तर दिलेली जाड बादली, तिला दोन बाजूंना लांब दांडे. एका दांड्याला एक माणूस, दुसऱ्याला दुसरा, मध्ये वितळलेलं लोखंड. भट्टीपासून साच्यापर्यंत चालत जायचं आणि ओतायचं. एकाचं पाऊल चुकलं तर दुसऱ्याचे पाय जळतात, इतका साधा हिशेब. पुढे मिस्त्री, मागे बगळ्या, अशी ती जोडी दोघांचे केस काळे होते तेव्हापासूनची. मिस्त्री म्हणायचे, "बायकोबरोबर सात पावलं चाललो. ह्याच्याबरोबर चालतोय ते अजून थांबलोच नाही."

आठवड्याची शेवटची ओतणी झाली की मागच्या अंगणात रिकाम्या पेट्यांवर सगळे काळ्या तोंडाने बसायचे. बाटली निघायची आणि एकच पत्र्याचा मग. पहिला घोट मिस्त्रींचा, दुसरा बगळ्याचा, नंतर तो मग फिरत फिरत वाळू मळणाऱ्या अक्कापर्यंत. अक्का सगळ्यात शेवटी प्यायची आणि सगळ्यात जास्त प्यायची. मिस्त्री प्यायचे ते आवडीने. घोट जिभेवर धरून डोळे मिटायचे, मग "हं" म्हणायचे. ते "हं" ऐकल्याशिवाय मगाला कुणी हात लावत नसे. पण भट्टी पेटलेली असताना ते थेंबाला शिवले नाहीत, आणि जो शिवला त्याला त्यांनी दांड्यापाशी उभं केलं नाही.

असा माणूस एका सकाळी उठला आणि त्याचे हात वर जाईनात.

दुखत होतं म्हणावं तर दुखण्याहून जास्त. खांदे जखडलेले, कंबर जखडलेली. अंथरुणातून उठायला कुशीवर वळून ढकलगाडी करावी लागे. दुपारपर्यंत अंग जरा मोकळं व्हायचं, तोवर दात खाऊन लाडल उचलायची. मिस्त्रीण घरी शिवणकाम करायची. सकाळी तीच त्यांना सदरा चढवू लागली, बटणं लावू लागली, भांग पाडू लागली.

"नवरदेवासारखं नटवतेय मी तुम्हाला, आणि वरात निघालीय कुठे तर भट्टीवर."

"हसू नकोस, हसलो की खांदा दुखतो."

"मग डॉक्टरकडे चला, नाहीतर रोज हसवीन."

डॉक्टर बाई होत्या, बोलायला कात्रीसारख्या. रक्त तपासलं, हात वर करायला लावले, खाली करायला लावले. म्हणाल्या, उतारवयात होतो असा आजार, अंगातल्या अंगातच सूज धरते आणि खांदे-कंबर आवळते. स्टिरॉइडची गोळी लिहून दिली. रोज सकाळी, खाऊन झाल्यावर. वर्षभर तरी, कदाचित जास्त.

"दारू पिता?"

"आठवड्याला. मग फिरतो आमच्यात."

"मग फिरू दे, तुम्ही फिरू नका. ही गोळी पोट जाळते, दारू पण जाळते. ही हाडं पोखरते, ती पण पोखरते. तुमची साखर आत्ताच काठावर आहे, आणि पोटात जळजळ होते म्हणताय. तुम्हाला दोन्ही एकत्र परवडणार नाही. आणि दुसरं ऐका. गोळी मनाने बंद करायची नाही. एक दिवससुद्धा नाही."

पहिलं मिस्त्रींनी गाठीला बांधलं. दुसरं त्यांनी ऐकलं, पण सगळेच डॉक्टर सगळ्याच गोळ्यांबद्दल असं सांगतात, म्हणून ते कानाच्या पाळीवरच राहिलं.

गोळीने जादू केली. थोड्याच दिवसांत मिस्त्री परसात उभे राहून दोन्ही हात आभाळाकडे करून बघत होते.

"काय झालं? पोलीस आले का?" मिस्त्रिणीने खिडकीतून विचारलं.

"अगं वर जातायत."

"दिसतंय. आता तिथनंच वाळत घातलेल्या चादरी काढा."

दारू त्यांनी सोडली ती इतक्या गुपचूप की सोडल्याचंही कुणाला कळलं नाही. मग हातात आला की ओठ लावायचे, "हं" म्हणायचे आणि पुढे करायचे. आजार कुणाला सांगितला नाही, कारण फाटकावर त्यांच्या डोळ्यांसमोर एक माणूस रोज बसलेला असे. तो एकेकाळचा उत्तम साचेवाला. त्याचा हात अधू झाला म्हणून त्याला दयेने फाटकावर बसवलं. आता तो गाडी आली की दांडा वर करतो, गेली की खाली करतो. लोक त्याच्याशी प्रेमाने बोलतात, हीच त्याची मोठी तक्रार. "शिवी देत नाही रे कुणी," तो एकदा मिस्त्रींना म्हणाला होता. मिस्त्रींना त्या प्रेमाची धास्ती होती. बगळ्याला सांगावं, तर त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. मालकीणबाईंना कळायला दुपार उजाडली नसती.

पण गोळी आपलं काम करताना चेहऱ्यावर सही करून जाते, हे कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे डॉक्टरबाईंनी सांगितलं असेल, पाळीवर राहिलं असेल. गाल भरले, डोळे बारीक झाले, चेहरा लालबुंद. दारू पीत होते तेव्हा मिस्त्री साधूसारखे दिसायचे, आणि सोडली तेव्हा पक्के बेवडे दिसायला लागले.

कुजबुज मालकीणबाईंपर्यंत गेली. लहानपणी त्या ह्याच वाळूत खेळल्या होत्या, मिस्त्रींना काका म्हणायच्या. एकदा ऑर्डरचं काहीतरी विचारायच्या निमित्ताने त्या फारच जवळ येऊन उभ्या राहिल्या आणि नाक हलकेच वर केलं.

"अजून जवळ या," मिस्त्री म्हणाले. "लांबून नीट येत नाही वास."

त्या ओशाळल्या. "तसं नाही काका. पण भट्टीपाशी..."

"भट्टीपाशी तुम्ही विचारलंच पाहिजे. उद्या परत घ्या वास. रोज घ्या." आणि तोंड उघडून त्यांच्यासमोर "हाऽ" केलं. त्यात फक्त कांद्याचा वास होता. राग मिस्त्रींना आला नाही. आपण त्यांच्या जागी असतो तर दोनदा वास घेतला असता, असं त्यांनी घरी सांगितलं.

बगळ्याचं दुखणं मात्र वेगळं होतं. कारखान्यातून तो आता निवृत्त होणार होता, बायकोला घेऊन लेकीकडे राहायला जाणार होता. शेवटची ओतणी ठरली. त्याच्या आठवडाभर आधी, चहावर तो टोमणा मारला त्याच दिवशी परतताना, चौकात वळणावर तो थांबला.

"मला आंधळा समजतोस?"

"का रे?"

"ओठ लावतोस आणि मग पुढे करतोस. एवढे दिवस बघतोय. तोंड तर सांगतंय की पितोस. मग आमच्या मगातली का चालत नाही? आम्ही उष्टे झालो?"

"तसं काही नाही."

"मग कसं?"

मिस्त्री पुढे चालायला लागले. त्यांना अडवत बगळ्या म्हणाला, "माझ्या शेवटच्या ओतणीला नीट घोट घे. डोळे मिटून, पहिल्यासारखा. नाहीतर तो मग माझ्यापुढे करूच नकोस, मी तसाच घरी जाईन. आणि लेकीकडचा पत्ताही तुला देणार नाही."

लांब टांगा टाकत तो निघून गेला. मिस्त्री दिव्याच्या खांबाला टेकून राहिले. पायाखाली त्यांचंच एक झाकण होतं.

आता इथे मिस्त्रींनी जी चूक केली, ती ओतकाम करणाऱ्यानेच करावी. कारखान्यात पितळेचंही थोडं काम चालायचं. पितळ वितळवायची भांडी, म्हणजे मुशी, वेगळ्या. एका मुशीत पितळ वितळवलं आणि तीच दुसऱ्या धातूला वापरायची वेळ आली, तर आधी ती पूर्ण रिकामी करायची, खरवडायची, नुसतीच तापवायची आणि मग दुसरं टाकायचं. दोन धातू एकत्र आले की दोन्ही वाया. मिस्त्रींनी विचार केला : गोळी आणि दारू एका भांड्यात नको, इतकंच ना? मग भांडं आधी रिकामं करू. चार-पाच दिवस गोळी बंद. अंगातली सगळी निघून जाईल. मग बगळ्याचा घोट घेऊ. दुसऱ्या दिवशी पुन्हा गोळी सुरू. डॉक्टरबाईंचंही राहील, बगळ्याचंही राहील. बेफिकीर माणूस गोळी घेऊन वर प्याला असता. मिस्त्री काळजी घेणारे, म्हणून त्यांनी जास्त वाईट केलं.

"गोळी कामावर जाऊन घेतो, तोवर खाल्लेलं जिरेल," असं सांगून ते ती खिशात टाकायचे आणि पोचल्यावर भट्टीत. मिस्त्रींना खोटं बोलायची सवय नव्हती, त्यामुळे मिस्त्रिणीला ते ओळखायची सवय नव्हती.

पहिल्या दिवशी काही वाटलं नाही. मग खांदे पुन्हा धरू लागले, ते त्यांनी गृहीतच धरलं होतं. पण भूक गेली. अन्न समोर आलं की मळमळायचं. उठून उभं राहिलं की खोली जराशी कलंडायची आणि मग सावकाश सरळ व्हायची. पाय म्हणजे पिंजलेला कापूस. "पित्त झालंय," ते म्हणाले. मिस्त्रिणीने लिंबाचं सरबत दिलं, तेही उलटलं. मूस रिकामी होतेय, मिस्त्री मनात म्हणाले.

शेवटच्या ओतणीचा दिवस उजाडला. बगळ्या इस्त्रीचा सदरा घालून आला होता. अक्काने विचारलं, "आज कुणाला बघायला चाललायस?" सकाळभर साचे भरले. दुपारी लोखंड उतरलं. मिस्त्रींनी रंग बघितला, थांबा म्हणाले, मग आता म्हणाले. यंत्रानेही तेच सांगितलं. लाडल भरली. पुढे मिस्त्री, मागे बगळ्या.

साचा समोर दिसत होता. झाकणाचा साचा, काठाने गुळगुळीत, अक्काने स्वतः पुन्हा पुन्हा थापून बसवलेला. चालता चालता मिस्त्रींच्या कानात माशा घोंगावायला लागल्या. घाम आला तो गार. दांड्यावरची बोटं आपली आहेत की नाहीत, हे बघायला त्यांना खाली बघावं लागलं. इतक्या वर्षांत त्यांनी लाडल घेऊन चालताना कधी हाताकडे बघितलं नव्हतं.

दोनचार पावलं अजून निघाली असती. कदाचित पोचलेही असते. दुसरा कुणी असता तर दात खाऊन गेला असता, कारण सगळा कारखाना बघत उभा होता, मालकीणबाई उभ्या होत्या, फाटकवालासुद्धा फाटक सोडून आला होता. मिस्त्री थांबले.

"बगळ्या, खाली."

"काय?"

"खाली टेकव. माझ्याच्याने होत नाही."

मागून बगळ्याने दांड्यावरची पकड आवळली. मग बगळ्या म्हणाला, "टेकवतो. मी म्हणेन तेव्हा. वाक. अजून. आता." जोडी इतकी जुनी की लाडल वाळूवर बसली ती डुचमळलीसुद्धा नाही. दुसरा कुणी दांड्याला येईपर्यंत लोखंडाचा रंग उतरला. साच्यात घालण्याजोगं ते राहिलं नव्हतं. वाळूत खणलेल्या चरीत ओतून द्यावं लागलं. बगळ्याचं शेवटचं लोखंड चरीत गेलं आणि साचा रिकामा राहिला. बगळ्याचं तोंड त्या वेळी बघण्यासारखं नव्हतं.

"शेवटच्या दिवशी पण पिऊन आलास," तो म्हणाला. हळू म्हणाला, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

मिस्त्री पेटीला पाठ लावून खाली बसले होते. ओठ पांढरे पडले होते. त्या घडीला गप्प राहिले असते तर पित्त, ऊन, म्हातारपण, काहीही खपून गेलं असतं. ते बोलले, आणि तसेच मोठ्याने बोलले, जसं यंत्राबद्दल बोलायचे.

"प्यालो नाही. खांद्याचा आजार आहे मला. रोज स्टिरॉइडची गोळी लागते, तिच्याने तोंड सुजलं. दारू कधीच सोडली. आज तुझ्याबरोबर प्यायची होती म्हणून चार दिवस गोळी बंद केली. माझ्या बायकोला माहीत नाही. डॉक्टरला हे सांगा, बाकी काही सांगू नका." आणि मग एका कुशीवर कलंडले.

मालकीणबाईंच्या गाडीत मागे बगळ्या बसला, मिस्त्रींचं डोकं त्याच्या मांडीवर. त्याच्या मांड्या बांबूच्या, त्यामुळे मिस्त्रींना तिथे काही सुख नव्हतं. दवाखान्याच्या दारात स्ट्रेचर घेऊन आलेल्या माणसाने चेहरा बघितला आणि म्हणाला, "किती प्यायलेत?"

"थेंब नाही प्यालेला तो," बगळ्या त्याच्या अंगावर गेला. "स्टिरॉइडच्या गोळ्या सोडल्यात त्याने. चार दिवस. बोलव आधी डॉक्टरला. तोंडावर जाऊ नकोस, तोंड मला पण फसवून गेलं."

ते सांगितलं म्हणून वेळ वाचला. रक्तदाब पार तळाला गेला होता. लगेच शिरेतून औषध गेलं, सलाइन गेलं. संध्याकाळ व्हायच्या आत मिस्त्रींच्या ओठांना रंग आला आणि त्यांनी पहिलं विचारलं ते लाडलचं.

"अस्तर साफ आहे," बगळ्या म्हणाला. "तू तुझं सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरबाई येऊन उभ्या राहिल्या. एका बाजूला मिस्त्रीण, चेहरा असा की मिस्त्री तिच्याकडे बघायचं टाळत होते. दुसऱ्या बाजूला बगळ्या, स्टुलावर, गुडघे हनुवटीपर्यंत.

"एक घोट घेतला असतात तर मेला नसतात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "गोळ्या बंद केल्यात त्याने मेला असतात. उलटं करून ठेवलंत."

मिस्त्रींनी मुशीचं सांगितलं, भट्टीत टाकलेल्या गोळ्यांचंही सांगितलं. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं, हसल्या नाहीत.

"ऐका. ह्या गोळीसारखं एक औषध आपलं अंग रोज स्वतः बनवतं. त्यावरच माणूस उभा राहतो. बाहेरून गोळी यायला लागली की अंग म्हणतं, आयतं मिळतंय, मी कशाला बनवू, आणि बंद करतं. तुम्ही गोळी एकदम काढलीत. बाहेरचं गेलं, आतलं सुरू नाही. उरलं काय?"

मिस्त्री कोपरावर उठले. "म्हणजे पेटल्या भट्टीवर एकदम पाणी मारल्यासारखं. अस्तर तडकतं. भट्टी हळूहळू उतरवायची असते."

"तेच. हळूहळू उतरवायची. आणि उतरवणार मी, तुम्ही नाही."

"भट्टीचं ह्यांना माहीत होतं," मिस्त्रीण म्हणाली. कालपासूनचं तिचं पहिलं वाक्य.

"भट्टीचं माहीत होतं. माझं नव्हतं."

"आता झालं ना?"

"झालं."

"मग ह्यापुढे गोळी माझ्यासमोर. पाणी प्यायचं, आ करायचा, जीभ उचलून दाखवायची. लाज वाटली तर वाटू दे."

"आ" मिस्त्रींनी तिथेच करून दाखवला. ती हसली नाही, पण उशी सरळ केली. डॉक्टरबाईंनी जाताना बजावलं : ताप आला, उलट्या होऊन गोळी टिकेना झाली, कुठे ऑपरेशन निघालं, तर त्याच दिवशी यायचं आणि आधी गोळीचं सांगायचं. दारूचं उत्तर पहिलंच होतं, ते बदललं नव्हतं.

त्या गेल्यावर बगळ्या स्टूल पुढे ओढून म्हणाला, "एक विचारू? भट्टीत एवढ्या गोळ्या टाकल्यास, तिचं तोंड कसं सुजलं नाही?"

मिस्त्रींना हसू आलं आणि खांदा दुखला. मग ते म्हणाले, "मी घोट घेतल्याशिवाय तुम्ही कुणी घेत नव्हता. मी नाही म्हटलं असतं तर सगळ्यांचं बंद पडलं असतं."

बगळ्याने त्यांच्याकडे बघितलं. "आम्ही घेत नव्हतो कारण तू तासभर डोळे मिटून बसायचास आणि मग सोडायचा नाहीस. तो काय नियम होता होय? अक्का दर आठवड्याला शिव्या घालायची तुला. तुझ्या पाठीमागे."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तू पण काय सांगितलंस कुणाला?"

बगळ्याने जाताना लेकीकडचा पत्ता गोळ्यांच्या पाकिटावर लिहून ठेवला. तिथे तरी रोज नजर पडेल म्हणाला.

राहिला प्रश्न फाटकाचा. मिस्त्री उभे राहायला लागले तसे ते स्वतःच मालकीणबाईंच्या खोलीत गेले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. म्हणाले, आजार लपवला, भट्टीजवळ लपवायला नको होता, तुमचा जो निर्णय असेल तो.

मालकीणबाई चिडल्या होत्या आणि ते त्यांनी लपवलं नाही. "काका, लाडल पुन्हा हातात दिसली तर मी तुम्हाला खरंच घरी बसवीन. बगळ्याकाकांचे पाय गेले असते त्या दिवशी."

"गेले असते."

"फाटकावर माणूस आहे. दुसरा मला नको. तुम्ही रंग बघायचा आणि नवीन जोडी उभी करायची. त्यांना चालायला शिकवायचं. जमेल?"

"पायाने शिकवलंय आजवर. तोंडाने शिकवावं लागेल."

"तोंड तर आता मोठं झालंय," त्या म्हणाल्या, आणि मग आपण काय बोलून गेलो म्हणून जीभ चावली. मिस्त्री मात्र खूश होऊन बाहेर आले. कुणीतरी प्रेमाने बोललं नव्हतं.

बगळ्याने लेकीकडे जाणं पुढे ढकललं होतं. इस्त्रीचा सदरा पुन्हा घातला. ह्या वेळी लाडलच्या पुढच्या दांड्याला पंपांच्या खात्यातला एक धिप्पाड गडी होता. मिस्त्री बाजूने चालले, हात मोकळे. मोकळ्या हातांचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं, म्हणून मागे बांधले. "डावा. उजवा. घाई नको, तो मागचा म्हातारा आहे. आता वाक." लोखंड साच्यात उतरलं, शहाणं, पिवळं. बगळ्याने दांडा सोडला, हात चोळले आणि साच्याकडे बघत राहिला.

अंगणात पत्र्याचा मग निघाला. मिस्त्रींनी तो हातात घेतला नाही. "मी औषधावर आहे, माझं नाव सोडून फिरवा," म्हणाले. बगळ्या पहिला प्याला. मग कुणी तरी "हं" म्हणालं, सगळे हसले. मिस्त्रींनी वास तेवढा घेतला. डोळे मिटले होते की नाही ते कुणी बघितलं नाही. बाटली संपायच्या आत ते उठले.

"बस की जरा," बगळ्या म्हणाला. "शेवटचा दिवस आहे माझा."

"तुझा आहे. माझा नाही. ती पलीकडची वाळू बघ, केवढी ओली मळलीय. उद्या त्यात लोखंड घातलं तर उडेल तोंडावर." आणि अक्काकडे वळून, "अक्का, प्यायच्या आधी मळलीस की नंतर?"

"तुम्ही आधी तोंड आवरा, मग वाळूचं बघा," अक्का म्हणाली.

मिस्त्रींनी फावडं उचललं, खांदा कुठवर जातो ते जरा अजमावलं, आणि कोरडी वाळू आणायला कोपऱ्यातल्या ढिगाकडे गेले.